पूर कोणाच्या दोषाने?

श्रावण लागला म्हणजे कृष्णाकाठी घरोघर एकच विचारणा चालते : "पाणी किती फुटांवर आले?" सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर आले म्हणजे सावध व्हावे, 45 फुटांवर आले म्हणजे धोका, हे तेथील लहान मुलांसही ठाऊक असते. 2005 साली ते 53 फुटांवर चढले, 2019 साली 57 फुटांवर, आणि 2021 साली पुन्हा 55 फुटांच्या जवळपास. पूर ओसरल्यावर मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो, व तोच आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. हे संकट कोणाच्या दोषाने आले?

कित्येक म्हणतात, "ज्यांचे बुडाले त्यांच्या पापाचे हे फळ होय." शिलोहाचा बुरूज पडून जे अठराजण मेले ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले असता आपल्या मंडळ्यांतही ही भाषा कानी पडावी, ह्याचा आम्हांस खेद होतो. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटू पाहणाऱ्यांची नाव उलटली व बायकामुले बुडाली. आईच्या कडेवरील लेकराने कोणते पाप केले होते?

मग दोष नदीचा म्हणावा काय? कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कऱ्हाडास तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा, आणि नृसिंहवाडीस पंचगंगा. ह्या नद्या घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस आणितात. म्हणून सांगलीत ऊन पडलेले असतानाही नदी चढत असते. पुढे प्रदेश सपाट, पात्र वळणावळणाचे. सबब पाणी तुंबते व लवकर उतरत नाही. हा नदीचा स्वभाव आहे, वैर नव्हे. हेच पाणी काठावर गाळ टाकून मळई करिते, व त्या मळईवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे पोट भरले आहे. आमचे पूर्वज हे जाणून होते. त्यांनी घरांसाठी उंचावरची पांढरी निवडिली व नदीलगतची काळी पिकांस सोडिली.

तथापि त्या पांढरीतही सर्वांस सारखी जागा मिळाली नाही. पुष्कळ गावांत गावकुसाबाहेर, सखल भागी, ज्यांस राहावे लागले ते कोण, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पाणी जात पाहत नाही, असे म्हणतात, व ते खरे आहे. परंतु कोणाचे घर कोठे असावे हे पाण्याने ठरविले नाही. ते मनुष्यांनी ठरविले. पुराचे पाणी आकाशातून येते, पण ते प्रथम कोणाच्या उंबऱ्यावर येईल हा निवाडा आम्हीच आधी करून ठेविलेला असतो.

आता आणखी एक उत्तर ऐकू येते. ते असे की, दोष खालच्या राज्यातील अलमट्टी धरणाचा. शासनाने नेमिलेल्या वडनेरे समितीने 2020 साली अहवाल दिला. तिने अलमट्टीस दोष न देता अतिवृष्टीकडे व पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखविले. ह्यावर वाद आहे, व तो जाणत्यांनी करावा. आम्ही इतकेच म्हणतो की, दूरच्या धरणावर सर्व दोष टाकिला म्हणजे आपल्या गावचा बुजविलेला ओढा पाहावा लागत नाही.

अतिक्रमण ह्या शब्दाविषयीही सावध असावे. पूररेषेच्या आत भराव घालून इमारत उठविणारा, आणि दुसरीकडे हातभर जागा न मिळाल्यामुळे तेथे झोपडी घालणारा, हे दोघे एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे. पहिल्याने लोभाने नदीची जागा घेतली. दुसऱ्यास लोकांनी नदीत लोटिले. झोपडी हटवावी हे खरे, पण तिच्यासाठी उंचावर जागा आधी द्यावी.

तेव्हा पाऊस पडला ह्याचा दोष कोणाकडेही नाही. पण पावसाआधी जे करावयाचे ते केले नाही, ह्याचा हिशेब प्रत्येकाकडे आहे. उपदेशक बंधूंनो, ज्येष्ठातच गावातून फिरा. सखल भागी कोण राहतो, कोणाच्या घरी आजारी, म्हातारे किंवा बाळंतीण आहे, हे लिहून ठेवा. नाव आली म्हणजे प्रथम कोणी बसावे हे त्या घाईत ठरवू नका, आज ठरवा. मंदिर उंचावर असेल तर त्याची किल्ली कोणापाशी आहे हे साऱ्या गावास, सर्व जातींच्या लोकांस, माहीत असू द्या. पुढच्या श्रावणी नदी पुन्हा चढेल. तेव्हा ती आम्हांस पाप किंवा पुण्य विचारणार नाही. शेजारी मात्र विचारील, व त्यास उत्तर द्यावे लागेल.