पासष्ट हजार दारांचं घर

आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकला एकच दार आहे, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. तेही पावसाळ्यात फुगतं आणि खांद्याने ढकलावं लागतं. पण परवा आमच्या चिरंजिवांनी जाहीर केलं, की आपल्या घराला ६५,५३६ दारं आहेत, आणि त्यातलं २५५६५ नंबरचं दार त्याला उघडून हवं आहे.

मी बँकेतला कारकून. दार उघडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. बँकेचा माणसावर विश्वास जरूर आहे. फक्त एका वेळी दोन माणसांवर आहे. अशा संस्थेचं मीठ खाल्लेल्या माणसाकडे मुलगा दार उघडून मागत होता!

प्रकरण असं होतं. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात ही पोरं ठोकळ्यांची घरं बांधतात. चिरंजिवांना आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक अख्खं गाव वसवायचं होतं आणि मित्रांनी आपापल्या घरून त्यात यायचं होतं. त्यांतला सोहम वडिलांच्या बदलीमुळे नाशिकला गेलेला. त्याला पुन्हा गल्लीत आणायचा एवढा एकच रस्ता उरला होता. त्यामुळे नाही म्हणवेना.

आता हे दार म्हणजे काय, ते मला बँकेच्या भाषेतच समजलं. बँकेचा पत्ता एक, पण आत खिडक्या अनेक. पैसे काढायचे तर या खिडकीवर, पासबुक भरायचं तर त्या. घरातला राउटर म्हणजे दारावरचा शिपाई. आतून आपण काही मागवलं असेल तर त्याचं उत्तर तो आत सोडतो. आपणहून आलेल्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या शिपायाला सांगून ठेवायचं, की बाबा रे, २५५६५ नंबरची खिडकी विचारत कोणी आला, तर त्याला थेट आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे पाठव.

सांगायला हे सोपं आहे. शिपायाशी बोलण्याचा परवलीचा शब्द राउटरच्या पोटाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला होता. तो वाचायला मला चष्मा पुरेना. मग कळलं, की आतल्या कॉम्प्युटरचा पत्ता अधूनमधून बदलू शकतो, म्हणून तो आधी पक्का करावा लागतो. नाहीतर पाहुणा यायचा गाव बघायला आणि उभा राहायचा माझ्या मोबाइलच्या दारात! हे सगळं झालं, तरी नाशिकहून सोहमची टकटक काही पोचेना.

दोन रविवार वाया गेल्यावर इंटरनेट कंपनीच्या मुलाने फोनवर उलगडा केला. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. माणसं त्याहून जास्त. म्हणून कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवते. म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा बंद, आणि मी आपला आतल्या खोलीचं दार उघडून पायघड्या घालून बसलेलो! स्वतंत्र पत्त्याला महिन्याला जादा पैसे.

"अहो, दार बंद ठेवायला पैसे लागतात हे ठाऊक होतं," सौभाग्यवती म्हणाल्या. "उघडायलाही लागतात?"

शेवटी दार उघडलं. सोहम आला. त्या रात्री घरात जो आरडाओरडा झाला, त्याने माझे पैसे वसूल झाले. पण काही तासांतच अनोळखी पत्त्यांवरून टकटक सुरू झाली. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, जगभर असे प्रोग्रॅम फिरत असतात. सगळ्यांची दारं वाजवून बघतात." मग त्याने यादी केली. यादीत नाव असेल त्यालाच आत प्रवेश. माझा ऊर भरून आला. पोरगा शेवटी बँकवाल्याचा!

यादीत सात नावं होती. मी सवयीने तपासली.

"ओंकारचं नाव कुठाय?"

"त्याला नाही घेणार. मागे त्याने माझ्या लायब्ररीत लाव्हा ओतला."

"चुकून?"

"आधी चुकून. मग गंमत वाटली म्हणून."

ओंकार आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला. "काका, सर्व्हर सुरू झाला का हो?" आणि माझ्या तोंडून वीस वर्षांच्या नोकरीचा अर्क बाहेर पडला: "लिंक डाऊन आहे रे."

पोरगं "बरं" म्हणून गेलं. मी मात्र जिन्यातच उभा राहिलो.

काही वर्षांपूर्वी आमचे एक दूरचे भाऊकाका अधूनमधून पैसे मागायला येत. एका रविवारी बेल वाजली. दाराला भोक पाडून बसवलेल्या भिंगातून मी पाहिलं, तर काका. मी श्वास रोखून उभा राहिलो. आत टीव्हीवर मॅच चालू होती आणि तिचा आवाज जिन्यापर्यंत जात असणार. काका दोन मिनिटं थांबले. मग दाराखालून एक पाकीट आत सरकलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका होती. वर हळदीकुंकवाचं बोट. लग्नाला आम्ही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीतलं. तिथे दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. तिथली माणसं संत होती अशातला भाग नाही. चोरण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं, एवढंच. आता आहे, म्हणून कुलूप हवं, आणि यादीही हवी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपण कुलूप आणतो परक्यांच्या नावाने आणि लावतो बहुतेक वेळा ओळखीच्यांना, याचा हिशेब कुठल्या खात्यात लिहायचा? चोर कसा दिसतो हे त्या भिंगातून मला आजवर दिसलेलं नाही. भाऊकाका तेवढे दिसले.

ही गोष्ट मी चिरंजिवांना सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने यादीत आठवं नाव घातलं.

"पुन्हा लाव्हा ओतला तर?" मीच घाबरून विचारलं.

"बॅकअप घेतलाय, बाबा. कालचं गाव जसंच्या तसं परत आणता येतं."

गाव परत आणता येत असेल, तर क्षमा करायला फारसं धैर्य लागत नाही. आमच्या त्या रविवारचा बॅकअप कोणी घेतलेला नव्हता.

येत्या रविवारी भाऊकाकांकडे जायचं ठरवलं आहे. फोन न करता, आपणहून. काळजी एकच आहे. त्यांनीही आता दाराला भिंग बसवून घेतलंय म्हणतात.