पुढचा बुश

जरा टेकून बसा. जव्हारचा श्रावण आहे, धुकं शेडच्या दारापर्यंत आलंय. टेबलावर जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन आहे: चार सिलिंडर, 2199 सीसी. डिझेलनं धुतलेलं, अजून ओलं. त्याचा वास येऊ द्या.

आज एवढंच करायचं. एक बुश बघायचा, आणि बसवायचा.

या जीपा मूळच्या विलीजच्या, महिंद्रानं आपल्याकडे बनवलेल्या. मोखाड्याहून तोरंगणचा घाट चढून त्र्यंबककडे जायचं तर गाडी अशीच लागायची, चढाला न कुरकुरणारी. असो, घाटाचं नंतर.

कॅमशाफ्ट हातात घ्या. अंगठा त्याच्या उंचवट्यांवरून जाऊ द्या. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक. श्वास आत घेताना एक फेरा मोजा, सोडताना दुसरा. तेवढ्यात हा एकदाच फिरला आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडून मिटला. पुन्हा मोजा. घाई कसली?

हा शाफ्ट चार जागी टेकतो. बदलता येणारा बुश फक्त पुढच्या जागी. बाकीच्या तिन्ही जागा ब्लॉकच्याच बिडात कातलेल्या. त्या तिन्हींतून बोट फिरवा. तिथं झिजलंय ते ब्लॉकचंच झिजलंय. लेथवाले बोअर वाढवून तिथंही बुश ठोकून देतात. शाफ्ट लडबडत नसेल तर मी त्या जागांना हात लावत नाही.

आता काढलेला जुना बुश उजेडाकडे धरा. बाहेरून पोलाद, आत पांढऱ्या धातूचं अस्तर. मुख्यतः कथिल, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. आयझॅक बॅबिटनं 1839 साली या धातूची वाट दाखवली. मऊ आहे, चाकूच्या टोकानं चरा पडेल. तो काळा ठिपका दिसतोय? कुठला तरी कण तेलातून आला आणि या मऊपणात रुतून बसला. शाफ्टवर त्याचा ओरखडा नाही. थोडा वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहा.

अस्तर झिजलं की तेल पुढं जायच्या आधीच इथून निसटतं. घाट चढून आलेली गाडी गरम असते, आयडलला प्रेशरचा काटा लोळतो, आणि आपण बिचाऱ्या पंपाला शिव्या घालतो.

नवा बुश घ्या. त्याला तेलाचं भोक आहे. ते ब्लॉकमधल्या भोकासमोरच यायला हवं. बसवायच्या आधी बुशाच्या कडेवर आणि ब्लॉकवर पेन्सिलीनं रेघ मारा, कारण आत गेल्यावर भोक नीट दिसत नाही. मी एकदा रेघ न मारता ठोकला. बुश अगदी झकास बसला, भोक मात्र अर्धं सरकलं. तार घातली तर आत शिरेना. काढताना बुश गेला, आणि दुसऱ्यासाठी दोन दिवस नाशिकच्या गाडीची वाट बघितली.

तेव्हा हळू. बुशात बसणारा पायरीचा दांडा सरळ धरा. एक ठोका, मग रेघ बघा. पुन्हा एक. आवाज बदलेल, पोकळ होता तो भरीव होईल. तिथं थांबा. पंचनं कड दाबून बुश पक्का करा, म्हणजे फिरणार नाही.

आता तेलाची बुधली ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेला लावा. दाबा, आणि बुशाच्या आत बघत राहा.

आला थेंब?

आता शाफ्ट उचला.