ढेकूळ, सोनं आणि पोग्बा



आजचा श्लोक गीता १४.२४. गुणातीत माणसाची लक्षणं चालू आहेत. त्यातलं आजचं लक्षण असं की मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं त्याला सारखंच. इतकी वर्षं मी हा श्लोक वाचून सरळ पुढे जायचो. या आठवड्यात अडकलो.

झालं असं, टीममध्ये नवीन आलेल्या पोराचा पगार कळला. ज्याला मीच काम शिकवतोय, तो माझ्यापेक्षा जास्त घेतो. दोन रात्री झोप नाही. जपाला बसलो तरी मनात आकडेमोड चालू.

तेव्हा पॉल पोग्बा आठवला. २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून तो जवळजवळ फुकटात युव्हेंटसला गेला. २०१६ मध्ये त्याच युनायटेडने त्याच माणसासाठी सुमारे ८ कोटी ९० लाख पौंड मोजले. तेव्हाचा जागतिक विक्रम! आणि २०२२ मध्ये करार संपला, तर गडी पुन्हा फुकटात युव्हेंटसला. मधल्या काळात खेळ सुधारला, मान्य. पण करार किती वर्षं उरलाय, टीव्हीच्या हक्कांचा किती पैसा क्लबकडे आलाय, घेणाऱ्याला किती घाई आहे, आकडा यावरही ठरतो. आमच्याकडेही तेच. नवीन माणूस आजच्या बाजारभावाने येतो, जुन्याच्या जुन्या आकड्यावर टक्के चढतात.

सेलूला बाबांना फोन केला. ते म्हणाले, “आपल्या कापसाचं नाही का बापा, सोमवारी येक भाव, गुरुवारी येक. कापूस त तोच राह्यते.”

बाबा भाव विचारल्याशिवाय गाडी भरत नाहीत. भाव पडला की चिडतातही. पण भाव पडला म्हणून आपलं वावर हलकं, असं त्यांना कधी वाटलं नाही. मला वाटतं श्लोकातलं ‘सारखं’ हे असं काहीतरी असावं. सोन्याचा भाव माहीतच नसणं, असा त्याचा अर्थ नसणार. आणि त्याच श्लोकात ढेकळाच्या अगदी आधी ‘स्वस्थ’ हा शब्द आलाय. आपण ‘स्वस्थ बस’ म्हणतो तेवढाच तो नाही. स्व-स्थ, म्हणजे स्वतःत उभा असलेला. मी उभा होतो त्या पोराच्या सॅलरी स्लिपवर!

सेलूहून तासाभरावर नागपूर. तिथे २००१ च्या सुमारास विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली, आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. (‘झुंड’ पाहिला असेलच.) भंगारवाल्याने त्या बादलीचे कितीसे दिले असते? खेळ मात्र रंगात आला होता.

पगाराचं मॅनेजरशी बोलणार आहेच. घराचा हप्ता ढेकळांनी भरता येत नाही. पण दोन दिवस त्या पोराला तुटक उत्तरं देत होतो. आज सकाळी आधी त्याच्याशेजारी बसून त्याचा अडलेला कोड सोडवून दिला.

उद्या १४.२५. मान-अपमान. तो मला जास्तच जड जाणार आहे.