आप्त कोण?

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची गावं. नगरपालिका मात्र दोघांची मिळून एकच. अशा ठिकाणी मिक्सर घ्यायचा तर पूर्वी दुकानदार ओळखीचा असे, आणि शेजारच्या घरात तोच मिक्सर दोन-चार वर्षं चाललेला असे. आज मिक्सर, मोबाइलचा चार्जर, सेलमधला इअरफोन, जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा, सगळं पार्सलने दारात येतं आणि विकणारा कोण हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. मग तो वस्तूच्या फोटोखाली उतरतो आणि लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो. कधी न भेटलेल्या, पुढेही न भेटणाऱ्या माणसाच्या चार ओळींवर दीड-दोन हजार रुपयांचा निर्णय होतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात एक फार जुना आणि अवघड प्रश्न आहे हे जाणवतही नाही. दुसऱ्याच्या शब्दावरून आपल्याला खरोखर ज्ञान होतं का? होत असेल, तर शब्द देणाऱ्यावर कोणतं बंधन येतं? माझं म्हणणं असं की वस्तूखाली लिहिलेलं मत ही साक्ष आहे, आणि साक्ष देणाऱ्याला सत्याचा जो धर्म लागू होतो तो हे मत लिहिणाऱ्यालाही पुरेपूर लागू होतो.

मराठीत ‘आप्त’ म्हणजे नात्यातला माणूस. लग्नपत्रिकेतले ‘आप्तेष्ट’ सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. न्यायशास्त्रात हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. गौतमाची न्यायसूत्रं ज्ञानाची चार साधनं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द आप्ताचाच असावा लागतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वात्स्यायनाने आपल्या भाष्यात या आप्ताचं लक्षण स्पष्ट केलं. ज्याने गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. मला हे वाक्य भारतीय विचारातल्या सर्वांत उदार वाक्यांपैकी एक वाटतं. विश्वासार्हता कुळातून येत नाही, गावातून येत नाही, विद्येच्या अधिकारातूनही येत नाही. जाणणं आणि सरळ सांगणं एवढ्यावरच ती उभी असते. या हिशेबाने, ज्या मावशींनी तो मिक्सर कधी हाताळलाच नाही त्या नात्याने आप्त असल्या तरी मिक्सरच्या बाबतीत आप्त नव्हेत. आणि नांदेडच्या ज्या अनोळखी माणसाने आठ महिने त्यात रोज वाटण काढलं तो आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असाच साक्षीवर उभा राहिला. चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करताना म्हाइंभट त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जात राहिले. पुढे मूळ पोथी हरवली आणि स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांचे पाठ त्या-त्या नावानिशी नोंदले गेले. कोण सांगतो आहे याला सातशे वर्षांपूर्वी एवढं मोल होतं.

साक्षीवाचून इथे चालत नाही, कारण दुसरी साधनं कमी पडतात. पेणचीच मूर्ती घ्या. हमरापूर, जोहे या परिसरातल्या कारखान्यांतून गणपती देशभर आणि परदेशी मराठी घरांपर्यंत जातात. आता मोबाइलवर फोटो पाहूनही मूर्ती ठरते. फोटोत डोळ्यांची आखणी दिसते, सोंडेचा डौल दिसतो, पितांबराचा रंग दिसतो. आत शाडू आहे की प्लास्टर, हे रंगाचा शेवटचा हात फिरल्यावर फोटोतून कळायला मार्ग नाही. ते कळतं मूर्ती उचलल्यावर, वजनावरून. आणि पक्कं कळतं विसर्जनाच्या दिवशी, बादलीत ती विरघळून खाली मऊ गाळ उरला की तशीच उभी राहिली यावरून. जो भक्त मातीच्याच मूर्तीची पूजा करायची असं ठरवून बसला आहे, त्याच्यापाशी गेल्या वर्षी त्याच कारागिराची मूर्ती बुडवलेल्या कुणाच्या तरी शब्दाखेरीज दुसरा आधार नाही. म्हणजे पूजेची शुद्धतासुद्धा एका परक्या माणसाच्या खरेपणावर टेकलेली असते.

आता या शब्दात दोष कसे शिरतात ते पाहू. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याचं जे विवेचन आहे ते जणू याच कामासाठी लिहिल्यासारखं आहे. आपल्याला झालेलं ज्ञान दुसऱ्यात उतरावं म्हणून वाणी वापरायची, आणि ती फसवी, भ्रांत किंवा ऐकणाऱ्याला काहीच बोध न देणारी नसावी, असा त्याचा आशय. फसव्या वाणीचं रूप आज पार्सलच्या खोक्यातच सापडतं. चार्जरच्या खाली गुळगुळीत कागदाचं एक कार्ड ठेवलेलं असतं: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर पाठवा, शंभर रुपये परत मिळवा. चार्जर अजून भिंतीला लागलेलाही नसतो. शंभर रुपयांना इथे साक्ष विकत घेतली जाते आणि ग्राहकाला ती विकताना काही विकलं असं वाटतही नाही. भ्रांत वाणी याहून निष्पाप, पण तितकीच घातक. पार्सल आलं त्याच संध्याकाळी लिहिलेलं ‘एकदम मस्त’ हे खोटं नसतं, ते ज्ञानच नसतं. नैयायिक म्हणत की दूरवर पाणी दिसलं ते खरं पाणी की मृगजळ, हे तिथे जाऊन तहान भागली की ठरतं. चार्जरची तहान उन्हाळ्यातल्या भारनियमनात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत भागते, पहिल्या संध्याकाळी नाही. तिसरा दोष रिकाम्या वाणीचा: ‘छान’, ‘ओके’, ‘पैसे वसूल’. अशा शब्दांनी वाचणाऱ्याच्या हातात काही पडत नाही, आणि तरी ते सरासरीत धरले जातात.

चारशे रुपयांच्या मोबाइल कव्हरसाठी धर्म आणि मोक्षाच्या ग्रंथांना कशाला त्रास द्यायचा, असा आक्षेप कुणी घेईल. पण धर्मांनी सत्याचा विचार बाजारातूनच केलेला आहे. रोहा-अष्टमीच्या परिसरात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या परंपरेत पैगंबरांची एक आठवण सांगितली जाते. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, बोटांना ओल लागली, आणि ओलं धान्य वर का ठेवलं नाही, लोकांना दिसलं असतं, असा प्रश्न त्यांनी विक्रेत्याला केला. रास धान्याची होती, मोल थोडं होतं, तरी तो प्रश्न श्रद्धेचा मानला गेला. जैन परंपरेने गृहस्थांसाठी, म्हणजे मुख्यतः व्यापार करणाऱ्या माणसांसाठी, सत्याच्या अणुव्रतात कोणत्या चुका होतात ते नेमून दिलं. त्यांत मिथ्या उपदेश आहे आणि कूटलेख, म्हणजे खोटं लिहिणं, हेही आहे. मोठं खोटं बोलायची संधी सामान्य माणसाला क्वचितच येते. त्याचं सत्य जोखलं जातं ते अशा बारीकसारीक ठिकाणीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तोही जुना आहे. वैशेषिकांनी आणि दिङ्नागासारख्या बौद्धांनी शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं नाही. त्यांच्या मते आपण बोलणाऱ्याच्या भरवशावरून अनुमान करतो, एवढंच. आजचा ग्राहक नकळत हेच म्हणतो: मी कुणा एकावर विश्वास ठेवत नाही, हजारो लोकांची सरासरी पाहतो. या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. वाचणाऱ्याने बोलणाऱ्याची पारख केलीच पाहिजे. पण सरासरीच्या अनुमानाला व्याप्ती, म्हणजे कधी न चुकणारा संबंध, लागते, धुराला अग्नीची लागते तशी. जिथे पुष्कळ तारे तिथे चांगली वस्तू, ही व्याप्ती खोक्यातल्या त्या कार्डाने मोडलेली असते; तळ्यावरच्या बाष्पाला धूर समजून अग्नी शोधायला निघावं तसं होतं. शिवाय सरासरी ही अखेर शब्दांचीच बनलेली. एकेक साक्ष पोकळ असेल तर त्यांची बेरीज भरीव कशी होणार?

कॉमिक्ससारख्या गोष्टीत मात्र सगळा आवडीनिवडीचाच मामला, तिथे खरं-खोटं कसलं, असंही विचारता येईल. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतला वेताळ एकाला रोमांचक वाटतो, दुसऱ्याला बाळबोध. तो वाद मिटायचा नाही, मिटवायचं कारणही नाही. पण जुना अंक विकत घेणाऱ्याला त्याआधी हवं असतं ते वेगळंच: मधली पानं आहेत का, पिना गंजल्या आहेत का, मुखपृष्ठ मूळ आहे की छायाप्रत. आणि आवडीबद्दलही एक सत्य असतंच, ते म्हणजे ती खरोखर लिहिणाऱ्याची आहे का. न वाचलेल्या पुस्तकावर दिलेलं मत कितीही चुरचुरीत असो, ते खोटंच.

फुकट वस्तू मिळालेला माणूसही खरं बोलू शकतो, हे मला मान्य आहे. वात्स्यायनाच्या लक्षणात मोबदल्याचा उल्लेख नाही, इच्छेचा आहे. पण इच्छा बाहेरून दिसत नाही, मोबदला मात्र दाखवता येतो. अष्टमीपासून पलीकडच्या काठावर, रोह्यात 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी स्वाध्याय परिवारात जी भक्तिफेरी रुजवली तिचा एक नियम इथे ध्यानात घेण्याजोगा आहे: फेरीला जाणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने जायचं, शिधा आपला न्यायचा, गावाकडून काही घ्यायचं नाही. ऐकणाऱ्याच्या मनात संशयाला जागाच राहू नये, याची ती तजवीज. प्रत्येकाला एवढं जमणार नाही. पण ‘ही वस्तू मला फुकट मिळाली’ एवढं एक वाक्य कुणालाही लिहिता येतं. कायदाही आता तेच मागतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचं सोंग घेऊन मत लिहायला मनाई केली, 2022 मध्ये ऑनलाइन मतांसाठी आयएस 19000 हे भारतीय मानक आलं, आणि 2023 च्या जानेवारीत प्रभावकांनी मोबदला उघड सांगावा अशी मार्गदर्शक सूत्रं निघाली. मानक ऐच्छिक आहे. सक्तीचं असतं तरी अष्टमीतल्या घरात बसून लिहिलेल्या चार ओळींच्या मागे उभा राहायला कुठल्या अधिकाऱ्याला सवड असणार? तिथे लिहिणाऱ्याचं मनच काय ते साक्षीदार.

व्यासभाष्यातली एक गोष्ट मात्र कायद्यात कुठेच नाही. वाणी प्राण्यांच्या भल्यासाठी आहे. बोललेलं खरं असूनही त्याने घातच होणार असेल तर ते सत्य नव्हे, असं तिथे बजावलंय. मला हाच भाग सगळ्यांत कठीण वाटतो, कारण त्याचा आधार घेऊन कुणीही दोष झाकू शकतो. तरी तो सोडता येत नाही. परगावी पोहोचलेल्या गणपतीचा कान प्रवासात दुखावला असेल तर घरात काय कालवाकालव होते हे सांगायला नको. चतुर्थी दोन दिवसांवर असते आणि भंगलेली मूर्ती पाटावर ठेवता येत नाही. संतापाने दिलेला एक तारा तेव्हा कुरिअरच्या माणसाला लागत नाही, जोह्यातल्या कारागिराला लागतो आणि पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या नावाखाली राहतो. त्या घरातल्या माणसाने लिहावं ते असं: माती शाडूची, वजनावरून तरी तसंच वाटतं. आखणी सुरेख. खोका पातळ होता आणि आत भुसा कमी होता, त्यामुळे उजवा कान तुटला. कळवल्यावर कारागिरांनी फोन उचलला. पुढच्या वर्षी इथूनच मागवणार, पण खोका जाड घ्यायला सांगून.