परक्याने वाकावे का?

शिंतो देवळाच्या आवारात शिरलेला परदेशी पाहुणा दगडी कुंडीतले पाणी लाकडी ओगराळ्याने घेऊन हात धुतो, चूळ भरतो, आणि देवापुढे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकतो. त्या देवावर त्याची श्रद्धा नसते. बहुधा देवाचे नावही त्याला ठाऊक नसते. मग हे वंदन खरे की खोटे? प्रवासाची पुस्तके या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत. पादत्राणे कुठे काढावीत, चॉपस्टिक भातात उभ्या का रोवू नयेत, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी का घ्यावे, हे सांगून ती मोकळी होतात. ही माहिती उपयोगी असते, पण प्रामाणिक माणसाची अडचण तिने सुटत नाही. मन ज्याला साक्ष देत नाही ते शरीराने करावे का, हा धर्मविचारातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की शिष्टाचार म्हणजे समोरच्या माणसाशी आपण कसे वागणार याची दिलेली हमी. आपल्या अंतरंगाबद्दल त्यात काही शपथ घ्यावी लागत नाही, म्हणून परक्यालाही ती हमी खोटेपणा न करता देता येते. मात्र याला एक अट आहे, आणि त्या अटीची किंमत जपानमध्ये अनेकांनी स्वतः मोजलेली आहे.

या प्रश्नाशी जुन्या काळी ज्यांची गाठ पडली त्यांत गोव्याहून गेलेली माणसे होती. १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आंजिरो नावाच्या जपानी माणसाला बरोबर घेऊन जेझुइट या ख्रिस्ती संघाचे मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. यामागुचीचा सरदार ओउची योशिताका याच्यापुढे ते पहिल्यांदा साध्या, जीर्ण वेषात गेले आणि रिकाम्या हाताने परतले. १५५१ मध्ये ते रेशमी वस्त्रे घालून, घड्याळासारख्या दुर्मिळ भेटवस्तू घेऊन पुन्हा गेले, तेव्हा धर्मोपदेशाची परवानगी मिळाली, राहायला एक ओस पडलेला मठही मिळाला. ख्रिस्ती संन्याशाचे दारिद्र्य त्याच्या धर्मात पावित्र्याची खूण होते. यामागुचीत ते यजमानाची बेअदबी ठरले. पुढे १५७९ मध्ये आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानला पोहोचले. पूर्वेकडच्या सगळ्या जेझुइट कार्याची देखरेख त्यांच्याकडे होती. १५८१ मध्ये त्यांनी आपल्या पाद्र्यांसाठी जपानी रीतिरिवाजांची एक नियमावलीच लिहिली. कोणाला किती वाकून नमस्कार करावा, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला कोणी जावे, मद्याचा पेला कसा द्यावा-घ्यावा हे त्यात होते. प्रत्येक निवासात चहासाठी वेगळी, स्वच्छ जागा राखावी आणि आवारात डुकरे-शेळ्या पाळू नयेत हेही त्यांनी बजावले. पाद्र्यांचे आपसातले दर्जे झेन मठांतल्या दर्जांवर बेतले. हे रोममधल्या वरिष्ठांना रुचले नाही, आणि जपानमधले आधीचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांना तर अजिबात पटले नव्हते. जपान्यांनी आमची रीत शिकावी, आम्ही त्यांची का शिकावी, असा त्यांचा रोख होता. काब्राल यांच्या हट्टात मिशनऱ्याचा अहंकार होता हे खरे, पण एक तत्त्वही होते: सत्य ज्याच्याजवळ आहे त्याने परक्या रूपाखाली ते झाकू नये. आज देवळापुढे अवघडून उभ्या राहणाऱ्या पाहुण्याच्या मनात नकळत तेच तत्त्व असते.

मराठी मनालाही ते जवळचे वाटते, कारण आपल्या संतपरंपरेने कर्मकांडावर सतत प्रहार केले. भाव नसेल तर टिळे-माळा व्यर्थ, ही शिकवण आपल्यात इतकी मुरली आहे की आधी भाव आणि मग आचार हा क्रम आपण गृहीतच धरतो. पण त्याच वारकरी परंपरेत वाटेत भेटलेले दोघे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्याची जात, वय, अधिकार विचारला जात नाही, त्याच्या पोटात भक्ती किती याची तर मुळीच तपासणी होत नाही. दोघे वाकतात आणि त्या वाकण्यातूनच त्यांच्यातले समानतेचे नाते घडते. इथे आचार भावाची वाट पाहत बसलेला नाही.

जपानी विचारात हा क्रम सर्वांत धीटपणे उलटवला तो झेन बौद्ध आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनी. १२२३ मध्ये ते धर्म शिकायला चीनला गेले, १२२७ मध्ये परतले, आणि १२४४ मध्ये एचिझेन प्रांतात त्यांनी जो मठ स्थापला तो आजचा एइहेइजी. त्यांच्या लेखनात बुद्धत्वाची अत्यंत सूक्ष्म चर्चा आहे, आणि तितक्याच गांभीर्याने तोंड कसे धुवावे, शौचाला कसे जावे, भिक्षापात्र कसे उलगडावे याचेही विवेचन आहे. तोंड धुण्यावरच्या प्रकरणात ते दातवणाबद्दल विस्ताराने लिहितात. भारतातल्या भिक्षूंची ही जुनी रीत चीनमध्ये लोपलेली पाहून आणि तिथल्या भिक्षूंच्या तोंडाची दुर्गंधी सोसून त्यांना झालेला खेद त्यात स्पष्ट दिसतो. हे वाचताना वाटते की या थोर तत्त्वज्ञाने इतक्या क्षुल्लक गोष्टींवर पाने का खर्च करावीत? कारण त्यांच्या मते साधना हे बोधाकडे नेणारे साधन नाही. साधना आणि बोध एकच आहेत. तोंड नीट धुणे ही आतल्या शुद्धीची बाहेरची खूण म्हणून ते शिकवत नाहीत. ते धुणेच शुद्धी. हा मठवासीयांसाठीचा विचार आहे, टोकियोत रेल्वेगाडीसाठी रांग लावणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात दोगेन असतात असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण शरीराने काळजीपूर्वक केलेल्या कृतीला स्वतःचे सत्य असते, मनाने आधी शिक्का मारल्याशिवाय ती खोटी ठरत नाही, ही शक्यता दोगेन आपल्यापुढे ठेवतात, आणि ती एकदा मान्य केली की काब्राल यांचे तत्त्व वाटले होते तितके अभेद्य राहत नाही.

प्रत्यक्षातला पुरावा चहाच्या खोलीत सापडतो. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या परंपरेतल्या चहागृहाचे दार इतके ठेंगणे असते की गुडघ्यांवर रांगतच आत यावे लागते, आणि पूर्वी कमरेची तलवार बाहेर ठेवावी लागे. सरदार असो वा व्यापारी, दारात मान तुकवण्यावाचून गत्यंतर नाही. रिक्यूंच्या सात नामवंत शिष्यांत ताकायामा उकोन यांची गणना होते, आणि हे उकोन निष्ठावंत ख्रिस्ती होते. त्यांनी धर्म सोडला नाही म्हणून १६१४ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवले आणि १६१५ मध्ये मनिला इथे त्यांचे निधन झाले. चहाची कला झेन मठांच्या सावलीत वाढलेली. तरी तिच्या एकांतात उकोन प्रार्थना करत, असे त्यांच्या काळातले जेझुइट ज्वांव रोद्रिगेस यांनी नोंदवले आहे. ज्या माणसाने श्रद्धेसाठी देश गमावला त्याला ती रीत श्रद्धेच्या आड येते असे वाटले नाही. देवळांचीही गोष्ट फार वेगळी नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत टोकियोच्या मेइजी देवळात सुमारे ३० लाख लोक येतात, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना धर्म विचारला तर ते कोणताच नाही असे सांगतील. दोन वेळा वाकणे आणि दोन टाळ्या ही पद्धत सरसकट रूढ झाली ती मेइजी काळानंतर (१८६८–१९१२). इझुमोच्या देवळात आजही चार टाळ्या वाजवतात. कित्येक देवळांत क्रम समजावणारा फलक असतो आणि तो जपानी माणसेही वाचतात. तेव्हा परक्याने फलक वाचून केलेले वंदन तेवढ्याने उसने ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मग हे सगळे मुखवटेच झाले. बोलण्याचे एक आणि मनातले दुसरे अशी उघड फारकत जपानी लोक स्वतःच मानतात, त्या दोहोंना त्यांच्या भाषेत वेगळी नावेही आहेत. पण मुखवट्याचा आरोप फसवणुकीचा असतो, आणि फसवणुकीला फसणारा कोणीतरी लागतो. दुकानातली विक्रेती खोल वाकते तेव्हा तिचे आपल्यावर प्रेम जडले असा समज कोणीच करून घेत नाही. तिनेही तसे सुचवलेले नसते. तुमच्याशी उर्मटपणा करणार नाही, तुमचा वेळ आणि मान राखीन, एवढे ती सांगते, आणि तेवढे ती पाळते. पाळले नाही तर मात्र ते वंदन खोटे. शिष्टाचाराची सत्यता पुढच्या वागण्यावर पारखायची असते. पाहुण्यालाही हाच निकष लागू आहे: देवळापुढे वाकून लगेच भाविकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरणाऱ्याचे वाकणे खोटे होते, मग त्याच्या मनात कितीही आदर दाटलेला असो.

दुसरा आक्षेप याहून फार जड आहे. रूपाचा श्रद्धेशी संबंध नसेल, तर सतराव्या शतकापासून दोनशेहून अधिक वर्षे नागासाकी भागात लोकांना येशू-मेरीच्या प्रतिमांवर पाय द्यायला का लावले? तेही शरीराने केलेले कृत्यच होते, आणि ते नाकारणाऱ्यांचे हाल झाले. ९ जानेवारी १८९१ रोजी टोकियोच्या एका सरकारी उच्च विद्यालयात सम्राटाची सही असलेल्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे शिक्षकांना वाकायला सांगितले, तेव्हा ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कांझो पुरेसे वाकले नाहीत. देशभर गदारोळ झाला, राजद्रोहाचे आरोप झाले, नोकरी गेली. १९३२ मध्ये जोची या कॅथलिक विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ असलेल्या यासुकुनी देवळात वंदन करायला नकार दिला, तेव्हा लष्कराने त्या संस्थेलाच अडचणीत आणले. आचार फक्त आचार असतो असे या माणसांना कोण सांगेल?

इथेच ती अट येते. उचिमुरा यांच्या प्रकरणातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नंतर त्यांनी विचार केला, हे वाकणे पूजेचे नसून आदराचे आहे हे मान्य केले आणि वाकायला संमतीही दिली. आजारी असल्याने त्यांच्या वतीने दुसऱ्याने वंदन केले. तरी त्यांच्यावरचा रोष शमला नाही. म्हणजे झगडा वाकण्याच्या अर्थाचा उरलाच नव्हता, क्षणभर थबकण्याची मोकळीक माणसाला आहे की नाही याचा होता. नकार दिला तर शिक्षा होणार असेल, तर तीच कृती हमी राहत नाही, जबरदस्तीने काढून घेतलेली साक्ष होते. प्रतिमेवरचा पाय ही अशी साक्ष होती. १९३६ मध्ये रोमने जपानी कॅथलिकांना सांगितले की सरकारी समारंभातले देवळापुढचे वंदन नागरी स्वरूपाचे आहे, ते करण्यास हरकत नाही. तर्क म्हणून ते बरोबर होते, उकोन यांच्या चहागृहाइतकेच. पण ज्या राज्यात न वाकण्याची मुभा संपत आली होती तिथे हा तर्क लागू करणे मला चूक वाटते. नकाराला जागा असेल तोवरच रीत निर्मळ राहते. ती जागा बुजली की तिचा अर्थ सत्ता ठरवते.

कोणी म्हणेल, शिक्षा फक्त सरकारच देते का? वाळीत टाकणे, कचेरीत नकळत बाजूला सारणे, वर्गात एकटे पाडणे हीही शिक्षाच. हे पूर्ण खरे आहे. वातावरण ओळखून वागण्याचा जो दाब जपानी माणूस आयुष्यभर वाहतो, त्याची झळ पाहुण्याला लागत नाही. त्याची चूक हसून पोटात घातली जाते. म्हणून विचित्र वाटले तरी असे म्हणावे लागते की जपानी शिष्टाचार सर्वांत मोकळेपणाने पाळू शकतो तो परकाच. ही सवलत ओळखणे त्याच्या समजेचा भाग असायला हवा. इथले लोक जात्याच किती नम्र, असे कौतुक करून घरी परतणे सोपे असते. ती नम्रता ज्यांना कधी टाळता आलीच नाही, त्यांचे श्रम त्या कौतुकात पुसले जातात. आणि जो मुस्लिम किंवा ख्रिस्ती पाहुणा टाळ्या न वाजवता टोपी काढून बाजूला शांत उभा राहतो, त्यानेही शिष्टाचार पाळलेलाच असतो. देवळातला पुजारी त्याला कारण विचारत नाही.

यजमान कुठे चुकतो, हेही याच निकषाने कळते. अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण असलेल्यांना मज्जाव असतो. गुन्हेगारी टोळ्यांना दूर ठेवण्याचा तो उपाय. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी स्त्रीला याच नियमावर बोट ठेवून परत पाठवले. त्या आपल्या भाषेच्या अभ्यासक होत्या आणि आदिवासी भाषांवरच्या परिषदेसाठी आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे गोंदण त्यांच्या लोकांत वंशाचा आणि पूर्वजांचा वारसा मानले जाते. चपला काढता येतात, तलवार दाराबाहेर ठेवता येते. चेहरा ठेवता येत नाही. जी अट पाळणे त्यांना शक्यच नव्हते ती शिष्टाचार म्हणून त्यांच्यापुढे ठेवली गेली, तिथे वाकणे यजमानाच्या वाट्याचे होते. त्याच होक्काइदोतल्या मूळनिवासी ऐनू स्त्रियाही ओठांभोवती गोंदवून घेत, आणि १८७१ मध्ये मेइजी सरकारने त्यावर बंदी घातली होती.