पारापर्यंतची वाट

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाजाराच्या दिवशी ओपीडी तुडुंब भरते. डॉक्टर नवे होते, हुशार होते, मनापासून काम करत. रांगेतून सत्तरीच्या एक आजी आत आल्या. पाय जड झालेत, झोप लागत नाही, एवढीच तक्रार.

"आजी, दम लागतो का?"

"न्हाई बाबा. दम कशानं लागंल? बसूनच तर असते."

डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९६. समोरून, पदरावरूनच स्टेथोस्कोप टेकवला. "सगळं छान आहे," म्हणाले आणि केसपेपरवर ताकदीच्या गोळ्या लिहिल्या.

सिस्टरची नोकरी याच भागात सरली होती. त्यांनी नाडी बघावी तसा आजींचा हात धरला, पण नजर छातीवर होती. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो, म्हणून जाणती नर्स असंच करते. पूर्ण मिनिट मोजलं: २८. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात.

"आजी, पाणी कोण आणतं आता?"

"सून."

"शेतावर जाता?"

"पेरणीपासनं सोडलं."

"आणि देवळात?"

"जाते की. पाराशी टेकते, मंग दुकानापाशी टेकते, मंग पुढं."

"झोपता कशा?"

आजी ओशाळल्या. "भितीला टेकून. आडवं झालं का जीव घाबरा होतो. रातच्याला उठून वट्यावर वाऱ्याला बसते."

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. ज्या ज्या कामात दम लागायचा, ते काम त्यांनी सोडून दिलं होतं. मग दम लागणार कुठून? आपल्याकडे कष्टकरी बाईचं आजारपण असंच तिच्या कामांतून दिसतं. हंडा सुनेच्या डोक्यावर जातो, खुरपं दुसऱ्याच्या हाती, आणि घरचे म्हणतात, वय झालं. हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. वयानं माणूस सावकाश होतो. काही महिन्यांत विहीर, शेत आणि अंथरूण तिन्ही सुटत नाहीत.

ऑक्सिमीटरही खोटं बोलला नव्हता. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या सुमाराच्या कल्पनेतून आलेलं हे यंत्र २०२० च्या साथीत घरोघरी पोचलं, आणि आकडा चांगला म्हणजे माणूस चांगला हा समजही त्याच्यासोबत पोचला. रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायूनं भरलंय, एवढंच ते दाखवतं. हिमोग्लोबिनच ७ वर आलेल्या बाईच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकतं. आणि तो आकडा टिकवायला शरीर किती झगडतंय, ते त्यावर उमटत नाही.

डॉक्टरांनी केसपेपर परत ओढला. आजींना व्हरांड्यात चालवलं; बोलताना वाक्य मध्येच तुटू लागलं. टेबलावर सपाट झोपवलं, तर त्या लगेच उठून बसल्या. मानेची शीर फुगलेली. घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. पदर बाजूला करून पाठीला, खालच्या अंगाला ऐकलं, तेव्हा दोन्हीकडे बारीक चरचर. हृदय कमी पडत होतं. आडवं झालं की पायांत साठलेलं पाणी छातीकडे परततं, फुफ्फुसांवर ताण येतो आणि रात्र बसून काढावी लागते.

दम मोजायच्या ० ते ४ या पायऱ्या डॉक्टरांनी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. सपाटीवर शंभरेक मीटर गेलं की थांबावं लागणं, ही ३ ची पायरी. त्यांनी सिस्टरना विचारलं, "आजींच्या घरापासून पार किती लांब?"

"शंभर पावलंसुद्धा नसतील, सर."

लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन दिलं, ईसीजी आणि इकोसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी केली, १०८ ला फोन गेला. चिठ्ठीत पहिली ओळ होती: 'पेरणीपासून शेत बंद, पाराशी थांबावं लागतं, रात्री बसून झोपतात.' ९६ खाली लिहिलं. आजींना मात्र गाडीत बसायचंच नव्हतं. शेरडांना कोण बघणार? सिस्टरनी सुनेला फोन लावून त्यांच्या हातात दिला.