साहेबांना काय काय कळावे?

महागाव तालुक्यात पूस आणि पैनगंगेच्या काठच्या माणसाला सरकारी गुपित म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. रात्री घाटावरून रेतीचा टिप्पर निघतो, कुणीतरी तहसीलदाराला किंवा ठाणेदाराला फोन करतो आणि त्या क्षणापासून दोन गोष्टी गुप्त राहाव्या लागतात. पथक किती वाजता निघणार आणि फोन कुणी केला. पहिली गोष्ट सकाळपर्यंत शिळी होते. दुसरी कधीच होत नाही, कारण फोन करणाऱ्याला त्याच गावात शेत कसायचे असते. आता एखाद्या लोकप्रतिनिधीने ठाणेदाराला ‘तक्रार कुणाची, तेवढे सांगा’ असे विचारले तर? विचारणारा हजारोंच्या मतांनी निवडून आलेला, ठाणेदार परीक्षा देऊन आलेला. तरीही उत्तर मिळता कामा नये. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १२५ सांगत होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. न्यायाधीशाला जे वदवून घेता येत नाही, ते आमदाराला फोनवर कसे मिळावे?

राज्यघटनेनेही हा फरक जपला आहे. तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला दोन शपथा आहेत, पदाची आणि गोपनीयतेची. आमदाराची शपथ एकच, आणि तिच्यात गोपनीयतेचा उल्लेखही नाही. मंत्री म्हणून जे कळेल ते मंत्रिपदाचे काम पार पाडण्यापुरतेच दुसऱ्याला सांगता येईल, असे दुसऱ्या शपथेचे बंधन आहे. (शपथविधी आपण टीव्हीवर बघतो तो कुणाची वर्णी लागली हे पाहायला, हे वाक्य ऐकतो कोण?) म्हणजे गुपित कामाबरोबर येते आणि कामाबरोबर जाते. मतांचा आकडा कितीही मोठा असो, त्याने हे माप बदलत नाही.

हे माप सुटले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २३ मार्च २०२१ रोजी तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस बदल्यांतील व्यवहारांबद्दलचा, फोन ऐकून तयार केलेला गुप्तवार्ता विभागाचा अहवाल पत्रकार परिषदेत पुढे केला. ६.३ जीबी माहिती आपल्याकडे असल्याचे सांगून ती त्यांनी दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांना दिली. तेव्हाच्या सरकारने शासकीय गोपनीयता कायद्याखाली अज्ञात व्यक्तींवर गुन्हा नोंदवला, मार्च २०२२ मध्ये फडणवीसांचा जबाब त्यांच्या घरी जाऊन घेतला. पुढे सत्ता बदलली, तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. दुसरीकडे नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले की, आपण खासदार असताना ‘अमजद खान’ या नावाखाली आपला फोन ऐकला गेला. त्यावरून पुण्यात गुन्हा नोंदला गेला, तोही २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. कोण बरोबर होते, हा इथला प्रश्न नाही. बदल्यांबद्दलचा एकच कागद एका बाजूला भ्रष्टाचाराचा पुरावा आणि दुसऱ्या बाजूला फोडलेले गुपित ठरला, आणि तो पाहायचा कुणी, कुणाकडे तक्रार न्यायची, याची सर्वांना मान्य अशी जागाच राज्यात नव्हती. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवांच्या सहीने निघतो. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यावर पुनर्विलोकन समिती आली, पण तिच्यातही सचिवच. सचिवाच्या सहीची तपासणी सचिवांनीच करायची!

यावर रास्त आक्षेप येतो. काय दाखवायचे ते अधिकारी ठरवू लागले, तर राज्य लोकांचे की सचिवांचे? आक्षेप खरा आहे, म्हणूनच ‘कामापुरते’ याचा अर्थ ‘थोडेसे’ असा घेऊ नये. १९६२ च्या चीन युद्धानंतर सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये त्यांच्या हाती आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत त्यातील धड्यांवर निवेदन केले, अहवाल मात्र पटलावर ठेवला नाही. त्या वर्षी ते समजण्यासारखे होते. शत्रू समोर होता. पण २०१० मध्येही संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी हा मजकूर आजच्या लष्करी कारवायांच्या दृष्टीनेही संवेदनशील असल्याचे सांगून तो बंदच ठेवला. २०१४ मध्ये परदेशी पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला बराच भाग इंटरनेटवर टाकला, आणि आपल्या संसदेला तो अधिकृतपणे आजही मिळालेला नाही. युद्ध का हरलो हे विचारणे हेच तर संसदेचे काम! ज्या मापाने महागावच्या तक्रारदाराचे नाव आमदारापासून झाकायचे, त्याच मापाने तो अहवाल खासदारांपुढे उघडायला हवा होता. घडते नेमके उलटे. गावातल्या गरिबाचे नाव चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते आणि दिल्लीतला साठ वर्षांपूर्वीचा पराभव कपाटात राहतो.

नेत्यांना दाखवले की फुटणारच, असे म्हणणारे अनुभवाने बोलतात. पण ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने गुप्तचर यंत्रणांवर खासदारांची समिती नेमली आणि त्या यंत्रणा काही कोसळल्या नाहीत. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये अशा देखरेखीसाठी खासगी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. महाराष्ट्र विधिमंडळाला निदान फोन ऐकण्याच्या आदेशांपुरती अशी छोटी समिती नेमता येईल, अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे आणि सोबत एक निवृत्त न्यायाधीश. तिला आदेश दिसावेत, कारणे दिसावीत, खबऱ्यांची नावे दिसू नयेत. आणि ज्याने ज्याने फाइल मागवली त्याची तारीख, वेळ आणि कारण नोंदवहीत यावे, मग मागवणारा गृहमंत्री असो की मुख्यमंत्री.